पानिपत आणि पाच कारणे

देशात किंवा परदेशात काही अघटित घडले म्हणजे सुशिक्षित माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘हे कोणी केले?’ हा. सकाळच्या वर्तमानपत्रापासून रात्रीच्या दूरचित्रवाणीवरील वितंडवादापर्यंत सर्वत्र या प्रश्नाचे उत्तर एखाद्या व्यक्तीच्या, पक्षाच्या किंवा जमातीच्या नावाने मिळत असल्यामुळे, नाव कळले म्हणजे घटना कळली अशी त्याची समजूत होऊन बसते. अशा माणसाने चालू राजकारणाचा उलगडा व्हावा या सद्धेतूने एखादा समतोल राजकीय इतिहास वाचावयास घेतला, तर प्रथम त्याच्या पदरी बहुधा निराशाच येते. शेदोनशे पाने वाचूनही हवे ते नाव हाती लागत नाही. हाती लागतात ती कारणे, आणि एका कारणामागे दुसरे, दुसऱ्यामागे तिसरे असे उभे राहू लागले की ज्याला तो अपराधी ठरवावयास निघाला होता तो इसम त्या गर्दीत दिसेनासा होतो. मग त्याच्या मनात जी शंका उद्भवते ती ऐतिहासिक नसून तात्त्विक असते. जे घडले ते कारणपरंपरेने घडावयाचेच होते, तर दोष द्यावयाचा तो कोणाला? आणि दोष कोणालाच द्यावयाचा नसेल, तर न्याय आणि अन्याय हे शब्द तरी कशाला बाळगावयाचे?

ही शंका केवळ तर्काने सोडवण्यापेक्षा एखाद्या प्रत्यक्ष प्रकरणावर घासून पाहणे बरे, आणि मराठी वाचकाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. २०१९ साली पानिपतच्या संग्रामावर एक हिंदी चित्रपट निघाला. तो प्रदर्शित होण्यापूर्वीच अहमदशाह अब्दालीच्या चित्रणाविषयी दिल्लीतील अफगाण वकिलातीने चिंता व्यक्त केली. आणि प्रदर्शित झाल्यावर महाराजा सूरजमल जाटाचे चित्रण अवमानकारक आहे म्हणून राजस्थानात निदर्शने झाली. आपल्याकडे पुष्कळांना या दोन्ही गोष्टींचे नवल वाटले. पण १७४७ मध्ये कंदाहारास ज्याने राज्य स्थापिले त्या पुरुषाला त्याचे देशबांधव ‘अहमदशाह बाबा’ म्हणतात आणि राष्ट्रपित्याचा मान देतात, हे ज्याने वाचले होते त्याला पहिल्या गोष्टीचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. आणि पानिपतावरून उपाशी, उघडेवाघडे परतणाऱ्या मराठ्यांना सूरजमलने आपल्या मुलुखात अन्नवस्त्र आणि आश्रय दिला, बाजीराव-मस्तानीचा पुत्र समशेर बहादूर याने जखमी अवस्थेत त्याच्याच राज्यात प्राण सोडला, हे ज्याला ठाऊक होते त्याला दुसरीचेही नवल वाटले नसते.

पानिपतच्या पराभवाचे खापर आपल्या लोकांनी आजवर वेगवेगळ्या डोक्यांवर फोडले आहे. कोणी सदाशिवरावभाऊंच्या ताठ्याला दोष दिला, कोणी मल्हारराव होळकरांच्या मतलबाला, कोणी नानासाहेब पेशव्यांच्या गाफीलपणाला. आणि अलीकडे तर सगळा झगडा दोन धर्मांचा होता असे सांगून प्रकरण एका वाक्यात मिटवण्याचा प्रघात पडला आहे. या शेवटच्या उत्तरावर कागदपत्रे काय जाबजबाब देतात ते पाहावे. भाऊंचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता; तो अखेरपर्यंत लढला, शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. उलट अब्दालीच्या बाजूस असलेल्या अयोध्येच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या फौजेत अनूपगीर गोसाव्याचे नागे होते, आणि त्याच शुजाच्या पदरी काशीराज नावाचा दक्षिणी ब्राह्मण कारकून होता. भाऊ आणि पेशव्यांचा पुत्र विश्वासराव यांच्या देहांना अग्निसंस्कार मिळावा म्हणून जी खटपट झाली तीत या काशीराजाचा हात होता, आणि पुढे त्याने फारसीत लिहिलेली हकीकत हे या युद्धाचे एक प्रमुख साधन होऊन बसले. धर्माची भाषा त्या वेळी वापरली गेली नाही असे नाही. रोहिल्यांचा सरदार नजीबखान याने ती शुजाचे मन वळवण्यासाठी भरपूर वापरली. परंतु त्या भाषेने सगळी घटना उलगडते असे म्हणणे म्हणजे वकिलाच्या कैफियतीलाच निकालपत्र मानण्यासारखे आहे.

या ठिकाणी मला एका अनपेक्षित ग्रंथाची मदत होते, आणि तो ग्रंथ इतिहासाचा नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे लागतात असे सांगितले आहे : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळ्या प्रकारचे करण म्हणजे साधने, विविध चेष्टा, आणि पाचवे दैव. त्यानंतर लगेच, ही पाच असताना जो केवळ आपल्यालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारहीन आहे, असा स्पष्ट निर्वाळा दिला आहे. श्रीशंकराचार्यांनी या पाचांचा अर्थ देहपर लावला आहे. त्यांच्या मते अधिष्ठान म्हणजे शरीर, करण म्हणजे इंद्रिये, आणि दैव म्हणजे त्या इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता. आचार्यांचा विषय मोक्ष होता, राज्यकारभार नव्हता. तेव्हा या विवेचनाचा राजकीय कर्माकडे विस्तार करण्याची जबाबदारी माझी आहे, आचार्यांची नव्हे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. तो विस्तार टिकतो की नाही हे पानिपतच ठरवील.

अधिष्ठान म्हणजे कर्म जेथे उभे राहते ती भूमी. १७६० च्या पावसाळ्यात यमुना दुथडी भरून वाहत होती. भाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा अब्दाली नदीच्या पलीकडे, पूर्वेस होता, आणि दोघांनाही नदी ओलांडणे दुष्कर होते. ऑक्टोबरात भाऊ उत्तरेकडे सरकले आणि त्यांनी कुंजपुरा हस्तगत केला. तेवढ्यात अब्दालीने बागपताजवळ नदी उतरून मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता अडवला. त्यामुळे नोव्हेंबरपासून पुढे अडीच महिने जो तळ पडला त्यात हिंदुस्थानची फौज उत्तरेकडे आणि अफगाण फौज दक्षिणेकडे, अशी उफराटी रचना झाली. ज्याने परकी मुलुखात यावे त्याच्या पाठीशी रोहिल्यांचा सुपीक दुआब, आणि ज्याने आपल्या देशात लढावे तो आपल्याच घराच्या वाटेपासून तुटलेला. ही गोष्ट नकाशा उघडल्याशिवाय कळत नाही, आणि नकाशा न उघडता पानिपतावर व्याख्याने देणाऱ्यांची संख्या आपल्याकडे थोडी नाही.

करणांचा विचार केला तर गारद्यांच्या जड तोफा स्थिर युद्धात भारी होत्या. पण उंटांवर बसवलेल्या अब्दालीच्या जंबुरक्या फौजेबरोबर हलत होत्या. पैसा हे राज्याचे सर्वांत मोठे करण, आणि तेच दुबळे झाले होते. १७५८ मध्ये पेशव्यांचा बंधू रघुनाथराव लाहोरपर्यंत जाऊन आला खरा, पण त्या मोहिमेने तिजोरीत भर पडण्याऐवजी पेशव्यांच्या कर्जात पडली. दिल्लीत भाऊंना दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढून त्याची नाणी पाडावी लागली, ती अरेरावीने की नाइलाजाने, हा वाद करताना फौजेचा पगार किती महिने थकला होता हे आधी विचारले पाहिजे. त्यात फौजेच्या बरोबरीने बायकामुले, बाजारबुणगे आणि उत्तरेच्या तीर्थयात्रेस निघालेले भाविक. त्या सर्वांना रोज लागणारे अन्न हे शत्रूच्या कोणत्याही तोफेपेक्षा अधिक भयंकर ठरले.

चेष्टा म्हणजे अनेकांचे अनेक दिशांनी चाललेले प्रयत्न. येथे मला एका माणसाजवळ क्षणभर थांबावेसे वाटते. गोविंदपंत बुंदेले हा उत्तरेतील पेशव्यांचा मामलेदार. हयात वसुलाच्या कामात गेलेला, वयाने वृद्ध. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा जो पहिला खंड काढला, त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. त्यांतून भाऊंची गोविंदपंतास गेलेली निकडीची पत्रे वाचावयास मिळतात. पैसा पाठवा, नावा जमवा, शत्रूची रसद मारा, असा तगादा एकसारखा चाललेला आहे. ती पत्रे वाचली की हा माणूस कामचुकार होता असे वाटू लागते, आणि तसा ठपका त्याच्यावर आलाही आहे. परंतु पत्र लिहिणाऱ्याची निकड कागदावर उतरते, तशी पत्र घेणाऱ्याची अडचण उतरत नाही. ज्या दुआबात वसूल मागावयाचा तो रोहिल्यांचा शेजार, ज्या जमीनदारांकडून घ्यावयाचा ते वारा कोणीकडून वाहतो ते पाहत बसलेले, आणि ज्याने हे करावयाचे तो शिपाईगडी नव्हे. अखेर डिसेंबरात अब्दालीची रसद मारण्याच्या कामगिरीवर असतानाच गोविंदपंत शत्रूच्या अचानक छाप्यात ठार झाला. कसूर झाली असे म्हणणारा आणि त्याच कामी देह ठेवला असे म्हणणारा, दोघेही खरे बोलतात. समतोल ग्रंथ वाचकाला ही दोन्ही विधाने एकदम हातात धरावयास लावतो. आणि हे ज्याला साधत नाही त्याने इतिहास वाचला काय आणि पोवाडा ऐकला काय, फळ सारखेच.

दैवाचा उल्लेख केला की आधुनिक वाचक बिचकतो, कारण पराभव झाला की ईश्वरी सत्तेकडे बोट दाखवून मोकळे होण्याची बखरकारांची रीत त्याला परिचित असते. परंतु गीतेने दैव पाचवे मोजले आहे, एकटे नव्हे, हे लक्षात ठेवले तर बिचकण्याचे कारण उरत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी होत होती. मग विश्वासरावाला गोळी लागली. ती गोळी चार हात बाजूने गेली असती तर काय झाले असते, हे कोणत्याही कारणमीमांसेला सांगता येत नाही, आणि जो इतिहासकार ते सांगण्याचा आव आणतो तो दैवालाच शास्त्राची वस्त्रे नेसवीत असतो.

राहिला कर्ता. चार कारणांची हजेरी घेऊन झाल्यावर त्याचे नाव पुकारले की तो नाहीसा झालेला नसतो. उलट आता त्याचा चेहरा प्रथमच नीट दिसतो. १७५२ च्या करारान्वये दिल्लीच्या पातशाहीचे अंतर्बाह्य शत्रूंपासून रक्षण करण्याची हमी मराठ्यांनी घेतली, ती कोणी लादलेली नव्हती. १७५७ मध्ये नजीबखान हाती आला असता मल्हाररावांनी त्याला पाठीशी घातले, तेही दैवाने केले नव्हते. सूरजमलाने बायकामुले आणि जड सामान मागे ठेवून गनिमी पद्धतीने लढण्याचा सल्ला दिला होता, तो न ऐकण्याचा अधिकार भाऊंचा होता आणि त्या अधिकाराची जबाबदारीही भाऊंचीच. ऐन लढाईत आपल्या गोटातील काही पथके गारद्यांच्या तोफांच्या माऱ्यासमोर आवेशाने पुढे धावली आणि तोफा बंद पडल्या, हा आवेश शौर्याचा असला तरी दोष दोषच. यमुनेच्या पुराबद्दल भाऊंना जाब विचारता येत नाही. पण पूर ओसरल्यावर शत्रू नदी उतरू शकेल हे गृहीत न धरल्याबद्दल विचारता येतो. कारणे वाढली म्हणून जबाबदारी संपत नाही. ती कोठून कोठपर्यंत आहे याच्या सीमा मात्र आखल्या जातात, आणि सीमा आखल्याखेरीज कोणताही दावा निकालात निघत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप येतो. ज्या श्लोकांत ही पाच कारणे सांगितली त्यांच्या पाठोपाठच, ज्याला अहंकार नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही तो लोकांना मारूनही मारीत नाही व बांधला जात नाही, असा सिद्धांत आहे. मग या पाच कारणांच्या आधारे प्रत्येक जुलमी पुरुषाला ‘मी निमित्तमात्र’ म्हणून सुटता येणार नाही काय? आक्षेप खोटा नाही. जगातील पुष्कळ जुलूम इतिहासाच्या अटळ नियमाचे नाव घेऊन आपल्या डोळ्यांदेखत झालेले आहेत. परंतु तो सिद्धांत अहंकार गेलेल्या पुरुषाविषयी आहे, आणि सनदा, तहनामे, वारसाहक्क, चौथाई यांसाठी चाललेल्या उद्योगात अहंकार गेलेला पुरुष मला तरी आढळलेला नाही. जो मुलूख मागतो त्याला कर्तृत्व नाकारता येत नाही. निरहंकाराचा लाभ विजयाच्या दिवशी न घेणाऱ्याला तो पराभवाच्या दिवशी घेता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रचलित आहे. समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच दोष वाटून देणे, आणि तसे करणे म्हणजे सत्याचा अपलाप, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. परंतु तराजूचा काटा खरा असणे आणि दोन्ही पारड्यांत सारखे वजन भरणे या अगदी भिन्न गोष्टी आहेत. काटा खरा असेल तरच एक पारडे जड आहे हे सांगता येते. १७५७ साली अब्दालीच्या फौजेने मथुरा-वृंदावनात जी कत्तल केली तिचे वजन कोणत्याही समतोलाने कमी होत नाही. पण तोच काटा आपल्याकडेही वळवावा लागतो. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. त्या स्वाऱ्यांची वर्णने गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात आहेत आणि बर्ग्यांचे, म्हणजे या मराठा स्वारांचे, भय तेथील अंगाईगीतांतही उतरले आहे. बंगालातील खेडुताने त्या स्वाऱ्यांचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर याच्याकडे ज्या डोळ्यांनी पाहिले त्या डोळ्यांत आणि मथुरेच्या रहिवाशाने अब्दालीच्या स्वारांकडे ज्या डोळ्यांनी पाहिले त्यांत फारसा फरक नसावा. हे लिहिल्याने शिवकालापासूनच्या स्वराज्यकल्पनेला बाध येतो असे मला वाटत नाही. जी कल्पना आपल्याच माणसांच्या वर्तनाची झडती सहन करू शकत नाही ती फार दिवस टिकण्याच्या लायकीची नसते.

मग असा खरा काटा एका ग्रंथात सापडतो काय? बहुधा नाही, आणि तसा हट्टही धरू नये. आपल्या दार्शनिकांची रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तो इतका समर्थपणे मांडावयाचा की प्रतिपक्षीयाने ऐकले तर त्याला आपलेच म्हणणे वाटावे. त्यानंतरच सिद्धांत सांगावयाचा. इतिहासकार यदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांचे उदाहरण या दृष्टीने मला फार मोलाचे वाटते. पानिपताने मराठ्यांच्या सत्तेचा काही अंत झाला नाही, ते पुन्हा उत्तरेत उभे राहिले, असे सरदेसायांचे मत. आणि १७७२ च्या आरंभी महादजी शिंद्यांनी शहाआलम पातशहाला दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसवले ही गोष्ट त्या मताला पोषक आहे. सरकारांना हे मत मान्य नव्हते. पानिपतचा घाव फार खोल होता, कर्ती पिढी कापली गेली, आणि त्या नुकसानीची भरपाई झालीच नाही, असे त्यांनी निक्षून लिहिले. दोघांचा स्नेह मात्र जन्मभर टिकला. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराच्या संपादनाचे काम दोघांनी मिळून अंगावर घेतले, आणि सरकार कामशेतला सरदेसायांच्या घरी येऊन राहत. १९४६ साली त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तेव्हा या दोघांच्या पुढे जाऊन त्यांनी आपले तिसरे मत मांडले. या तिघांनाही वाचणाऱ्याला जो समतोल लाभतो तो त्यांपैकी एकट्याच्या पानांत नाही. तो वाचकाला स्वतःच्या श्रमाने उभा करावा लागतो.

आता चालू घटनांकडे वळू. इतिहास भविष्य सांगत नाही. पानिपताच्या अभ्यासाने काबूलच्या पुढील राजवटीचे भाकीत करता येईल असे कोणी म्हणत असेल तर त्याने ज्योतिषाचा धंदा करावा. इतिहास वाचकाला देतो ती पृच्छेची शिस्त, आणि ती अगदी सामान्य बाबतीतही उपयोगी पडते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती मे २०२४ मध्ये उठवली; त्या दरम्यान लासलगावच्या बाजारात भाव पडले तेव्हा जो तो एकेक नाव घेऊन मोकळा झाला. कांदा नाशवंत आणि तो ठरावीक भागांतच मुख्यत्वे पिकतो, हे अधिष्ठान. चाळी, वाहतूक आणि बाजार समित्या ही करणे. पेरा वाढवणारे शेतकरी, माल दाबून ठेवणारे व्यापारी आणि शहरातील ग्राहकाचा ओरडा या चेष्टा. अवकाळी पाऊस हे दैव. आणि निर्यातबंदीच्या हुकमावर सही करणारे सरकार हा कर्ता. पाचांपैकी चार वगळून केवळ कर्त्याला शिव्या देणारा आणि कर्ता वगळून केवळ पावसाला बोल लावणारा, दोघेही घटना समजून घेत नाहीत. एक जण सरकारविरोधी असतो आणि दुसरा सरकारपक्षीय, एवढेच. मतदाराने जो जाब विचारावयाचा तो हुकमाचा, पावसाचा नव्हे. पण हुकमाचा जाबसुद्धा पाऊस, चाळी आणि पेरा यांची माहिती असणाऱ्यालाच नेमका विचारता येतो.

म्हणून आरंभीच्या शंकेला माझे उत्तर असे आहे. कारणे समजल्याने दोष पुसला जात नाही, तो योग्य मापाचा होतो. आणि मापाबाहेर दिलेला दोष व मापापेक्षा कमी दिलेला दोष हे दोन्ही अन्यायच. क्षमा करणे किंवा न करणे हा त्यापुढचा विषय. ज्याला अपराधाचे माप ठाऊक नाही त्याच्या क्षमेलाही किंमत नाही. वाचकाने निर्णय द्यावाच. निर्णय टाळून तटस्थतेची शेखी मिरवणे हा भित्रेपणा आहे. मात्र ज्या पक्षाविषयी मनात तेढ आहे त्याची बाजू एकदा तरी त्याच्याच एखाद्या समर्थ लेखकाकडून ऐकावी, अधिष्ठानापासून दैवापर्यंत चौघांची हजेरी घ्यावी, आणि मग कर्त्याचे नाव निःशंकपणे घ्यावे. एवढे केल्यावर ज्याचा निर्णय पूर्वीचाच राहील त्याने तो खुशाल ठेवावा. तो आता त्याचा स्वतःचा झालेला असेल.